कॅलिफोर्नियात येताय? मुलांच्या गणित-इंग्रजीची तयारी पुण्यातूनच करा

इथल्या शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि आपली मंडळी जूनमध्ये बॅगा भरायला घेतात. भाजणी येते, कुकर येतो, इथल्या १२० व्होल्टवर धड न फिरणारा मिक्सरही येतो. नववी झालेल्या मुलीच्या गणिताच्या पुस्तकांची अनुक्रमणिका मात्र कुणी आणत नाही. फ्रीमाँटमध्ये नव्यानं आलेल्या कुणा ना कुणाला दर उन्हाळ्यात मी फोनवर हेच सांगत बसते, म्हणून एकदा लिहूनच टाकते. हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासला जाणाऱ्यांनी तिथले नियम बघावेत.

अनुक्रमणिका कशाला, तर इथे गणित नावाचा एकच विषय नसतो. अल्जेब्रा १, जिऑमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस, अशी वर्षाला एक पायरी. काही ठिकाणी हेच मिसळून इंटिग्रेटेड मॅथ १, २, ३ या नावांनी शिकवतात. आपल्या गुणपत्रिकेवर ‘गणित, ८७’ एवढंच असतं आणि त्यावरून मूल कुठल्या पायरीवर आहे हे काउन्सेलरला, म्हणजे विषय ठरवायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, कळायला मार्ग नाही. राज्य मंडळाच्या मुलांचं त्यातल्या त्यात बरं, कारण नववी-दहावीला बीजगणित भाग १ मध्ये आणि भूमिती भाग २ मध्ये असते. सीबीएसईचं पुस्तक एकच, तेव्हा त्यांनी भूमितीच्या धड्यांवर खूण करून आणावी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या इथल्या सरकारी विद्यापीठाला प्रवेशासाठी भूमितीचं वर्षभराचं काम कागदावर लागतं. पुढे कॅल्क्युलस केलं म्हणून भूमिती भरून निघत नाही. पुस्तकं मराठीत असतील तर अनुक्रमणिकेचं इंग्रजी भाषांतर शाळेच्या शिक्क्यानिशी घ्या. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाची नोंद यांबरोबर हे हातसामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

आल्यावर शाळा बहुधा प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, घेईल. आपली मुलं समीकरण झटकन सोडवतात, पण समोर आलेख ठेवून ‘या फंक्शनचं काय चाललंय, वाक्यात सांग’ म्हटलं की गप्प होतात. जूनभर रोज दोन-तीन आलेख काढायला लावा आणि उतार म्हणजे काय, तो वाढला की काय होतं, हे इंग्रजीत बोलून घ्या. टेस्ट बिघडली तरी हातपाय गाळू नका. नववीतल्या मुलांसाठी इथे २०१५ चा गणित-प्लेसमेंटचा कायदा आहे. वर्ग चुकीचा मिळालाय का हे शाळेनं वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात निदान एकदा तपासायचं असतं आणि पालकांना दाद मागता येते. म्हणून तो पहिला महिना झोपून घालवू नका.

आता सगळ्यांचा आवडता हिशेब. नववीत अल्जेब्रा १ असेल तर सरळ चालीनं बारावीत प्रीकॅल्क्युलस होतं, नववीत जिऑमेट्री असेल तर बारावीत कॅल्क्युलस. आपल्या लोकांना हे कळलं की मुलाला दोन पायऱ्या वर ढकलायची घाई सुटते. मीही केली. दोन ईमेल, एक भेट, आणि मुलगा अल्जेब्रा २ च्या ऑनर्स, म्हणजे जास्त अवघड, वर्गात. वर्ष निघालं, पण रडतखडत. आज विचाराल तर एक पायरी खाली बसवून पुढे एखाद्या वर्षी दोन विषय एकत्र घेतले असते किंवा एक उन्हाळ्यात उरकला असता. गाडी गाठायचे रस्ते बरेच असतात. शिवाय इंजिनिअरिंगला जायचं नसेल तर शेवटच्या वर्षी एपी, म्हणजे कॉलेजच्या तोडीचं, स्टॅटिस्टिक्स काही वाईट नाही.

या गणिताच्या नादात इंग्रजीकडे आमचं लक्षच नव्हतं, आणि खरा मार तिथेच बसला. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता हे विचारणारा एक कागद भरावा लागतो. तिथे मराठी लिहिलं की मुलाची ‘एल्पॅक’ नावाची इंग्रजीची परीक्षा होते, मग तो बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात का असेना. खरं तेच लिहा, पण मुलाला आधी कल्पना द्या. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही होतं. बोलायच्या भागात आपली शहाणी मुलं विचारलं तेवढंच उत्तर देतात, एका शब्दात. त्यांना पूर्ण वाक्यांत बोलायची सवय लावून ठेवा. परीक्षेनंतर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात जावं लागलं तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त एवढं धरून चाला की युनिव्हर्सिटीला इंग्रजीची चार वर्षं लागतात आणि त्यात अशा वर्गाचं जास्तीत जास्त एकच वर्ष मोजतात.

नेहमीच्या इंग्रजीच्या वर्गात तर वेगळीच गंमत. धड्याखालचे प्रश्न नसतात. अख्खी कादंबरी वाचायची, तिच्याबद्दल स्वतःचा एक मुद्दा मांडायचा आणि पुस्तकातली वाक्यं दाखवून तो सिद्ध करायचा. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या निबंधात लेखकाचं चरित्र आणि कथेचा सारांश लिहिला, सुंदर अक्षरात, आणि सी, म्हणजे मधलाच ग्रेड, घेऊन आले. गाइडमधलं उत्तर उतरवायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडा. इथे ती चोरी धरतात. उन्हाळ्यात एक इंग्रजी कादंबरी संपवून घ्या आणि तिच्यावर ‘मला असं वाटतं, कारण’ या धर्तीचं पानभर लिहून घ्या. व्याकरणाची वही भरवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. एपी इंग्लिश लँग्वेज साधारण अकरावीत येतं, एपी लिटरेचर बारावीत. तोवर ऑनर्सचा हट्ट नको, वाचनाचा वेग वाढू दे.

दुसऱ्या सत्राच्या सुमाराला पुढच्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म येतो. तो येण्याआधी एका कागदावर नववी ते बारावीचे चार रकाने आखा आणि दोन्ही विषय पेन्सिलनं भरा. राज्याच्या डिप्लोमासाठी, म्हणजे बारावी पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, गणिताची दोनच वर्षं लागतात, युनिव्हर्सिटीला तीन, आणि चार केलेली त्यांना आवडतात, तेव्हा नुसतं ‘पास होण्यापुरतं किती’ असं काउन्सेलरला विचारू नका. युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, दहावी-अकरावीचे ग्रेड धरतात. नववीचे धरत नाहीत, पण या विषयांत निदान सी लागतोच. फॉर्मवर सही मुलासमोर करा आणि जमा करण्याआधी फोटो काढून ठेवा. ऑगस्टमध्ये हातात पडलेलं वेळापत्रक त्याच्याशी जुळलं नाही, तर वर्ग बदलायची मुदत संपायच्या आत दाखवायला तोच फोटो लागतो.