देखभाल खालावलेल्या गोल्फ कोर्सवर खेळताना या चुका टाळा

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पहिल्या टीवरूनच, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवरूनच, कोर्सला नापास करून टाकणे. गवत करपलेले आणि बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, कडा ढासळलेल्या दिसल्या की मंडळी ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, उपसतात आणि वाटेल तिकडे चेंडू मारत सुटतात. वास्तविक कोर्सची रचना जमिनीच्या उतारांत, ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कलात आणि बंकरच्या जागांत असते. पाणी आणि खत बंद झाले म्हणून ती नाहीशी होत नाही, फक्त झाकली जाते. गवत कापण्याचे यंत्र वर्षागणिक थोडे थोडे आत वळत जाते, त्यामुळे ग्रीन आक्रसतात, टीपासून ग्रीनपर्यंतचे कापलेल्या गवताचे पट्टे, म्हणजे फेअरवे, अरुंद होतात आणि एके काळी फेअरवेच्या काठावर मुद्दाम ठेवलेला बंकर रफमध्ये, म्हणजे बाजूच्या वाढलेल्या गवतात, एकटाच पडलेला दिसतो. असा बंकर दिसला की जुन्या कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) फेअरवे पूर्वी कुठवर होता ते मी आधी विचारून घेतो, कारण चांगल्या रचनेत बहुधा त्या धोक्याच्या बाजूनेच ग्रीनचे तोंड उघडे मिळते.

उघड्या, टणक जमिनीवरून लॉब वेज (चेंडू उंच उडवणारी, खूप तिरप्या पात्याची काठी) मारण्याचा हट्ट मात्र मला खरोखर असह्य होतो. एका स्पर्धेत आमच्या गटात नुकतेच खेळू लागलेले एक गृहस्थ ६० अंशांची नवीकोरी वेज घेऊन आले होते. त्यांचा चेंडू ग्रीनच्या थोडा अलीकडे मुरमाड जमिनीवर थांबला होता आणि आसपास गवताची काडी नव्हती. कॅडीने काही न बोलता कमी तिरप्या पात्याचा आठ नंबर पुढे केला. त्यांनी तो परत बॅगेत ठेवायला लावला. वेजच्या तळाचा फुगीर भाग, म्हणजे बाउन्स, वाळूत आणि दाट गवतात उपयोगी पडतो. टणक जमिनीवर तो आपटून उसळतो आणि पात्याची धार थेट चेंडूच्या पोटावर बसते. झालेही तसेच. चेंडू गुडघाभर उंचीने सणसणत ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये गेला. तिथे वाळू बोटभर आणि खाली खडी, तरी हातात वेज तीच आणि पातेही तसेच आकाशाकडे उघडलेले. त्यानंतर दोष अर्थातच माळ्याला मिळाला. अशा जागी मी शक्यतो पटर, म्हणजे चेंडू घरंगळवायची काठीच वापरतो, आणि मध्ये खडबडीत पट्टा असेल तर आठ नंबरने, चेंडू उजव्या पायाजवळ घेऊन, तो जमिनीलगत पळवतो. व्हिडिओत पाहिलेला उंच फटका पहिल्याच महिन्यात हवा असणाऱ्यांना हे कमीपणाचे वाटते, आणि त्याला माझा इलाज नाही.

गवत नाही म्हणून चेंडू हाताने सरकवणे हीसुद्धा चूकच आहे. समितीने तसा स्थानिक नियम जाहीर केला नसेल, तर चेंडू आहे तिथूनच खेळावा लागतो. नुसती उजाड जागा ‘दुरुस्तीखालील जमीन’, म्हणजे चेंडू दंडाशिवाय हलवता येतो अशी जागा, ठरत नाही. देखभालीसाठी कर्मचाऱ्यांनी खणलेला खड्डा, उचलून नेण्यासाठी रचलेला कापलेल्या गवताचा ढीग किंवा प्राण्याचे बीळ आड आले, तर दंडाशिवाय सवलत मिळते. पहिल्या टीवर स्थानिक नियमांचा कागद वाचायला दोन मिनिटे लागतात, पण ती कुणाला द्यायची नसतात.

चेंडू किती पळेल याच्या अंदाजासाठी सरावाच्या ग्रीनवर भरवसा ठेवू नका. क्लबहाउससमोर असल्यामुळे बहुधा तेवढेच नीट राखलेले असते.

वाढलेल्या गवताच्या ग्रीनवर पट, म्हणजे पटरचा फटका, जोराने ठोकू नका, पटर मागे थोडा जास्त न्या. बर्म्युडा गवताची लव, म्हणजे पाती झुकण्याची दिशा, तुमच्या दिशेने असेल तर ते काळपट दिसते आणि चेंडू लवकर थांबतो. समोर झुकलेली असेल तर ते चकाकते.

ग्रीनवर चेंडू आदळून झालेले खळगे बघून नुसते कुरकुरणाऱ्यांच्या खिशात खळगे बुजवायचा काटा क्वचितच असतो. मी स्वतःच्या खळग्याबरोबर जवळचे एकदोन बुजवतो. २०१९पासून बुटांच्या खिळ्यांच्या खुणाही बुजवता येतात. मातीत हवा खेळावी म्हणून पाडलेल्या छिद्रांना मात्र हात लावता येत नाही.