कोकणात नोकरी लागली? भाड्याचं घर ठरवताना या चुका टाळा

मे-जूनमध्ये बदल्यांच्या ऑर्डरी निघतात. मग चिपळुणात रुजू होणारी माणसं रविवारी सकाळी गाडीतून उतरतात, दुपारपर्यंत दोन-तीन घरं बघतात आणि संध्याकाळच्या गाडीला बसायच्या आधी एका घराला टोकन देऊन मोकळी होतात. पुढच्या आठवड्यात टेम्पोतून सामान येतं. गणपती झाले की तीच माणसं माझ्या टेबलाशी येतात आणि विचारतात, "मॅडम, दुसरं एखादं घर आहे का हो बघण्यात?"

ऑफिसात नवीन माणूस आला की घराचा विषय माझ्याकडे येतो, तो गेली कित्येक वर्षं येतोय. चुका मात्र त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मे महिन्यात घर बघून जूनमध्ये राहायला जाणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात भिंती कोरड्या, रंग नवा, अंगणात ऊन. ते घर आषाढात कसं असेल याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही.

2021 साली सांगलीकडून एक मुलगा आमच्याकडे बदलून आला. बायको आणि लहान मुलगी बरोबर. बाजारपेठेपासून चालत पाच मिनिटांवर तळमजल्याचा वन बीएचके मिळाला, भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी. मी म्हटलं, भाडं कमी का, ते आधी विचार. त्याने विचारलं. मालक म्हणाले, "पाणी येतं वाईच, पण पायरीपर्यंत. आत नाही कधी." एवढ्यावर त्याने डिपॉझिट दिलं. शेजारी विचारलं नाही, समोरच्या दुकानात विचारलं नाही.

22 जुलैच्या पहाटे त्यांच्या न्हाणीघरातल्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं. दारातून नंतर आलं. गादी उचलून दिवाणावर टाकेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हाका मारून मारून त्यांना जिन्यावर घेतलं; त्या वेळी त्यांच्या हातात मुलगी आणि मोबाइल, एवढंच होतं. पाणी उतरल्यावर दार उघडेना, कारण फ्रिज तरंगत येऊन आतून दाराला आडवा पडला होता. कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोघांच्या पदव्यांची प्रमाणपत्रं होती. त्यांचा चिखलाने एकच गठ्ठा झाला होता. वीज नाही, पंखा नाही. आमच्या घरी ओट्यावर बसून आम्ही एकेक कागद पाण्यात धरून सोडवला आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातला. त्याच्या बायकोच्या बी.एस्सी.च्या मार्कलिस्टवरची शाई गेली ती गेलीच. वर मालकाने रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापून घेतले. करार तोंडी होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

मालकाने सांगितलेलं पूर्ण खोटं होतं असंही नाही. एरवीच्या पावसात पाणी पायरीपर्यंतच येत असेल. पण चिपळूण 2005 ला बुडालं, 2021 ला बुडालं, आणि दोन्ही वेळा जुलैतच. इथल्या वाशिष्ठी नदीला डोंगरातला पाऊस मिळतो, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं अवजलही मिळतं, आणि दाभोळच्या खाडीला भरती असेल तर हे सगळं पाणी लवकर समुद्राकडे सरकत नाही. खेडला जगबुडी, महाडला सावित्री, राजापूरला अर्जुना आणि कोदवली. नदीकाठच्या प्रत्येक गावाची हीच गत आहे, आणि बाजारपेठा नेमक्या नदीकाठीच वसलेल्या आहेत. नव्या माणसाला घरही बाजारपेठेजवळच हवं असतं.

घर बघायला गेले की मी आधी घरात शिरतच नाही. समोरचं किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा सलून गाठते आणि एकच प्रश्न विचारते: "एकवीसला पाणी इथे कुठवर आलं होतं?" माणूस हात उंच करून भिंतीवर दाखवतो. तो हात जिथे थांबतो, त्याच्या वरचाच मजला बघायचा. मग विजेचे मीटर आणि खालची बटणं कोणत्या उंचीवर बसवली आहेत ते पाहते. पूर पाहिलेल्या घरमालकाने ती वर सरकवलेली असतात. पूररेषेचे नकाशेही असतात: निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नगरपरिषदेत चौकशी करता येते. तरी मला गिरणीवाल्याच्या हातावर जास्त भरवसा आहे.

वरचा मजला घेतला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. अगदी वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते बघा. नसेल तर छत गळणार, हे धरूनच चाला. पावसाचा मारा नैऋत्येकडून असतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीला असलेलं कपाट उघडून आत नाक घालून वास घ्या. नव्या रंगाखाली ओल दिसत नाही, पण बुरशीचा वास दडत नाही.

चाकरमानी मालकाचं बंद घर तोंडी बोलीवर घेणं

दुसरी चूक खास आमच्याकडची. मालक मुंबईला, घर वर्षभर बंद, चावी शेजारच्या काकांकडे. भाडं कमी, मालक गोड बोलणारे: "तुम्ही घरच्यासारखे राहा हो, कागदबिगद कशाला?" नवीन माणसाला वाटतं, लॉटरी लागली.

देवरुखकडे नोकरीला लागलेल्या दोन मुलींनी असंच एक घर घेतलं. मागची एक खोली कुलूपबंद होती, "आमचं थोडं सामान आहे" म्हणून. भाद्रपदात मालकांचं सगळं कुटुंब उतरलं. कुलूपबंद खोलीत पाट, मखर आणि समया होत्या. त्या घरात गणपती बसत होता! आजी-आजोबा, सुना, नातवंडं, आरतीला अख्खी वाडी. मुलींनी आपलं सामान एका कोपऱ्यात रचलं आणि गौरी-विसर्जनापर्यंत मैत्रिणीच्या खोलीवर दाटीवाटीने दिवस काढले. मालकांचं वागणं वाईट नव्हतं, मोदकांचा डबाही पाठवला त्यांनी. पण शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून पुन्हा तेच, आणि मेमध्ये मुलांना सुट्टी म्हणून पुन्हा. भाडं मात्र बाराही महिने पूर्ण.

ज्या घरात गणपती बसतो ते घर भाड्याने घेऊ नका. मालक कितीही चांगले असोत, त्या दिवसांत ते घर त्यांचंच असतं आणि असायलाही हवं. मालवण, दापोली, गणपतीपुळे, अलिबाग या बाजूला आणखी एक गोष्ट पाहा: हंगामात तेच घर पर्यटकांना दिवसावारी देऊन मालकाला महिन्याच्या भाड्याहून जास्त पैसे सुटतात. नोव्हेंबरात "घर जरा रिकामं करून द्याल का" असं ऐकायचं नसेल तर मुदत कागदावर हवी.

आणि कागद म्हणजे नोंदणीचा कागद. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेल्या कराराला लोक समाधानाने फाइलमध्ये ठेवतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती पाळली नाही तर शिक्षाही त्यालाच. अटींबद्दल वाद झाला तर नोंदणी नसताना भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, पण त्यासाठी वर्षभर खेटे घालायची तुमची तयारी आहे का? खर्चाचं रडगाणं तर ऐकूच नका. सहा हजार भाडं, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर मुद्रांक शुल्क 0.25 टक्क्यांनी पावणेदोनशेच्या आसपास होतं. नोंदणी फी शहरात 1000, ग्रामीण भागात 500. एजंटने केलं तर त्याचे पैसे वेगळे. नोंदणी ऑनलाइन होते, मालक मुंबईत असला तरी अडत नाही.

करारात मी तीन वाक्यं आवर्जून घालायला लावते: घरातली कोणतीही खोली मालकासाठी राखीव नाही, मुदतीआधी घर सोडायचं तर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, नैसर्गिक आपत्तीत झालेलं नुकसान डिपॉझिटमधून कापायचं नाही. या तिसऱ्या वाक्यावर मालक कुरकुरतो. त्याने सही केली की समजावं, माणूस सरळ आहे.

बाकीच्या चुका

घर न बघता टोकन पाठवणं. जाहिरातीतला "मालक" मी सैन्यात आहे, पोस्टिंगवर आहे म्हणतो आणि "स्कॅन केलंत की टोकन परत येईल" म्हणून क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कधीच नाही. गेलेच पैसे तर ताबडतोब 1930 वर फोन करा, दुसऱ्या दिवशी नको.

पाण्याचं न विचारणं. पाऊस एवढा पडूनही सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावरच्या, वस्त्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. विहीर आहे का, मेमध्ये आटते का, टँकरचे पैसे कोण देतं, हे तिथल्या बायकांना विचारा. पुरुषांना ठाऊक नसतं.

डोंगर कापून बसवलेली इमारत. मागच्या खिडकीतून हात लांब केला की लाल मातीची उभी कड हाताला लागते आणि तिला संरक्षक भिंत नाही, असं असेल तर भाडं फुकट असलं तरी नको. 2021 च्या त्याच जुलैत महाडजवळचं तळीये दरडीखाली गेलं.

"इमारत नवीन आहे" यावर विसंबणं. ऑगस्ट 2020 मध्ये महाडला कोसळलेली पाच मजली इमारत काही जुनीपुराणी नव्हती, आणि 16 माणसं गेली. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. पार्किंगमधल्या खांबांना भेगा, उघडी गंजलेली सळई दिसली तर दुसरं घर बघा.

नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत आणि घर चिपळुणात घेताना घाटाचा विचार न करणं. परशुराम घाट पावसात दरडींमुळे बंद राहिलेला आहे. कंपनीची बस असली तरी ती घाटावरून उडत जात नाही.

एकटीने राहणाऱ्या मुलींनी घर रात्री आठनंतरही एकदा बघावं. रस्त्यावर दिवा आहे का, जिन्याला दार आहे का, शेजारी कुटुंब आहे का, हे दिवसा कळत नाही. जांभ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून पायवाट असेल तर बॅटरी लागतेच. फुरसं हा विषारी साप गडग्यातच असतो.

आणि घाई. रुजू व्हायच्या आधी घर पक्कं व्हायलाच हवं, हा हट्ट सोडा. पहिला महिना लॉजवर, कॉटबेसिसवर किंवा सहकाऱ्याकडे काढा, खाणावळ लावा. सामान गावीच राहू द्या. एका महिन्यात ऑफिसातला शिपाई, खाणावळवाल्या ताई आणि रिक्षावाले मिळून तुम्हाला जी घरं दाखवतील, ती कुठल्याही जाहिरातीत येत नाहीत, आणि त्यांना दलाली नसते. महिन्याचा लॉजचा खर्च फार वाटतो खरा. चुकलेल्या घरातून सामान हलवायचा टेम्पो, बुडालेलं डिपॉझिट आणि नवं डिपॉझिट यांची बेरीज करून बघा, मग बोला.

चावी घेताना महावितरणचं शेवटचं बिल मागून ग्राहक क्रमांकावरून थकबाकी तपासा. मीटरच्या आकड्याचा, प्रत्येक भिंतीचा आणि नळांचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. घर सोडताना भिंतीवरच्या ओलीचे पैसे तुमच्याकडे मागायला आले, तर तेच फोटो पुढे करा.