बोर्ड जोडला, पण पोर्टच दिसत नाही?

नागपूरच्या सीताबर्डीतून आर्डुइनो उनो नाहीतर नॅनो (प्रोग्रॅम चढवून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणला, लॅपटॉपला जोडला, बोर्डावरचा दिवाही लागला. पण आर्डुइनो आयडीईत, म्हणजे प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पोर्टच (बोर्डाशी जोडणीचा पर्याय) दिसत नाही. लगेच दुकानदाराशी भांडायला निघू नका. आधी केबल बदलून पाहा. घरात पडलेल्या बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून वीज जाते, डेटा जात नाही. माझी अख्खी संध्याकाळ यातच गेली होती.

केबल ठीक असेल तर यूएसबीजवळची चिप बघा. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच340 (यूएसबीवरून लॅपटॉपशी बोलणारी चिप) असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर टाकावा लागतो. नॅनोवर अपलोड अडकलं, तर टूल्स मेनूत प्रोसेसरपुढे ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा.

मग आयडीईच्या एक्झाम्पल्समधलं ‘ब्लिंक’, म्हणजे एलईडी उघडझाप करणारा प्रोग्रॅम, चढवा. 13 नंबर पिनचा एलईडी बोर्डावरच असतो, वेगळं काही जोडायचं नाही. बाहेरचा एलईडी लावलात तर 220 ओहमचा रेझिस्टर हवा.

आणि हो, नागपूरचा मे महिना म्हटल्यावर पहिला विचार कूलर आपोआप चालू करायचाच येतो! पण पिनमधून साधारण 20 मिलिअँपिअरच घ्यावेत. कूलरचा पंप 230 व्होल्टचा. रिले (छोट्या करंटने मोठं उपकरण चालू-बंद करणारा स्विच) नीट समजेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.