कोरड्या उन्हाळ्यात पिकाला पाणी किती? बाष्पपात्रावरून हिशेब

बाष्पपात्रातले, म्हणजे रोज किती पाणी उडते हे मोजायला उघड्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या पात्रातले पाणी 10 मि.मी. घटले म्हणून पिकालाही 10 मि.मी. द्यायचे, हा हिशेब चुकतो. पत्र्याचे पात्र कडांनीही तापते आणि त्यातले पाणी रात्रीही उडत राहते. बहुतेक पिकांची पर्णरंध्रे (पानांवरची बारीक छिद्रे, ज्यांतून पाणी उडते) मात्र रात्री मिटलेली असतात. म्हणून मोजलेल्या आकड्याला आधी पात्र गुणांकाने गुणावे.

हा गुणांक पात्राच्या जागेवर ठरतो, आणि खरी गफलत इथेच होते. आर्द्रता 40 टक्क्यांखाली व वारा हलका असताना पात्र हिरवळीत असेल आणि वारा येतो त्या बाजूला 100 मीटर हिरवे पीक असेल, तर 0.70 धरा. पात्र पडीक जमिनीत आणि त्या बाजूला 100 मीटर पडीकच असेल, तर 0.55. कोरड्या रानावरून आलेला तापलेला वारा पात्रातले पाणी जास्त उडवतो, त्यामुळे गुणांक उतरतो. वारा सेकंदाला 2 मीटरच्या वर गेला की दोन्हींतून 0.05 वजा करा.

पात्र 120.7 सें.मी. व्यासाचे, 25 सें.मी. खोल; खाली 15 सें.मी. उंच लाकडी चौकट, पात्र लेव्हलमध्ये. पाणी काठाच्या 5 सें.मी. खाली ठेवा, 7.5 च्या खाली जाऊ देऊ नका. पक्ष्यांसाठी जाळी टाकली तर नोंद 10 टक्क्यांपर्यंत कमी येते, हे लक्षात असू द्या. नोंद रोज सकाळी ठरल्या वेळी. पाऊस झाला असल्यास तेवढे मि.मी. मिळवा.

उदाहरणार्थ, 10 मि.मी. × 0.55 = 5.5 मि.मी. याला पीक गुणांकाने, म्हणजे पीक आणि त्याची वाढ यांनुसार ठरणाऱ्या आकड्याने गुणावे. भर फळधारणेतल्या टोमॅटोचा हा गुणांक 1.15, म्हणजे दिवसाची गरज 6.3 मि.मी. एका चौरस मीटरवर 1 मि.मी. म्हणजे 1 लिटर. ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर चौरस मीटरला 7 लिटर, एकराला सुमारे 28,000 लिटर. हवा फारच कोरडी आणि वाहती असेल तर 1.15 अपुरा पडतो, 1.2 च्या वर जावे लागते. चहूकडे उजाड रान आणि मध्ये हिरवा तुकडा असेल, तर त्याच्या कडेच्या ओळी आणखी जास्त पाणी मागतात.

रोपे लहान असताना बहुतेक पाणी पानांतून नव्हे, मातीतून उडते. वरचा 10–15 सें.मी. थर सुकला की हा वेग आपोआप मंदावतो. रोज वरवर भिजवणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. तिथे पाळ्यांमधले अंतर वाढवा किंवा आच्छादन घाला. प्लॅस्टिक आच्छादनाने पिकाची एकूण गरज साधारण 10 ते 30 टक्के घटते.

आठवड्यातून एकदा मुळांच्या खोलीपर्यंत उकरून पाहा. खाली माती कोरडी निघाली तर आधी ड्रिपरचा प्रवाह मोजा, मग गुणांक बदला.