माउंट आणि कॉलर चोक : कोकणात जिउ-जित्सू सुरू करणाऱ्यांसाठी

कुस्ती खेळून आलेली मुलं सुरुवातीला हमखास एक चूक करतात. पाठ टेकू नये म्हणून ती पालथी होतात. कुस्तीत ते बरोबरच, तिथे खांदे टेकले की खेळ संपला. जिउ-जित्सूत मात्र गळा आवळून किंवा सांधा पिरगळून समोरच्याला हार मानायला लावतात; इथे पालथं होणं म्हणजे पाठ देणं. समोरचा मागून दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवतो, स्पर्धेत 4 गुण घेतो आणि गळाही त्याच्या हाती लागतो. खाली सापडलात तर कुशीवर वळा, कोपर गुडघ्याला भिडवा.

माउंट म्हणजे उताण्या पडलेल्या माणसावर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून स्वार होणं. त्यालाही 4 गुणच, आणि दोन्हींत स्थिती 3 सेकंद टिकवावी लागते. पोटावर बसलात तर तो ब्रिज मारून, म्हणजे कंबर जोरात वर उचलून, उलथवतो. गुडघे त्याच्या काखांपर्यंत सरकवा, तिथे त्याच्या कमरेची ताकद पोचत नाही. बैठक पक्की होईपर्यंत गळ्याचा विचारही नको.

आता क्रॉस कॉलर चोक, म्हणजे माउंटवरून समोरच्याच्या गीची (सरावाच्या जाड पोशाखाची) कॉलर हात एकमेकांवरून नेऊन धरायची आणि गळा आवळायचा. डाव्या हाताने त्याची उजवी कॉलर ओढून मानेपासून सोडवा. उजवा तळवा वर, चार बोटं आत, अंगठा बाहेर, आणि हात कानामागे जाईपर्यंत आत सारा. हा चोक पहिल्या हातावरच ठरतो. कॉलरबोनपाशी धरलेली कॉलर कितीही आवळलीत तरी गळा लागत नाही. उजवा हात गुंतला की तो त्याच बाजूला उलथवू पाहणार, कारण तिकडे टेकायला तुमच्याकडे हात नाही. म्हणून उजवा गुडघा बाहेर पसरा, कपाळ उजवीकडे मॅटवर टेका. मग डावा हात उजव्याच्या वरून न्या, अंगठा आत घालून त्याच्या डाव्या खांद्याजवळची कॉलर पकडा. मनगटाची हाडं मानेच्या दोन्ही बाजूंना बसवा, कोपरं अंगाशी ओढा, छाती खाली आणा. कोपरं फाकली की सगळा भार दंडांवर येतो आणि मिनिटभरात बोटं गळतात.

दाब मानेच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर हवा. समोरचा खोकत असेल तर तुम्ही श्वासनलिका दाबताय; थांबा, पकड पुन्हा घ्या. नीट बसलेल्या चोकमध्ये 10 सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपू शकते, आणि फारसं दुखतही नाही. त्यामुळे तुमच्यावर चोक लागला तर दुखण्याची वाट न बघता टॅप करा, म्हणजे हाताने थोपटून हार कळवा. हात अडकले असतील तर पाय आपटा किंवा तोंडाने सांगा.

रत्नागिरी-मालवणच्या पावसाळ्यात जाड गी एका रात्रीत वाळत नाही. दोन गी ठेवा, शक्यतो 350 जीएसएमच्या (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपासच्या, म्हणजे हलक्या. घरी पोचताच गोड्या पाण्यात खळबळून काढा, कारण घामाचं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. मग उलटी करून पंख्याखाली टांगा. सर्वांत शेवटी वाळते ती कॉलर, तिच्यात कापडाचे थर जास्त. ती चिमटीत दाबून बघा. गार लागली तर गी अजून ओलीच आहे. ओलसर गीमुळे नायटा बळावतो. अंगावर गोल, खाजरा चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत मॅटवर येऊ नका.