सड्यावर ट्रिग पॉइंट शोधायला निघालात? खराटी घेतली का?

गेल्या नोव्हेंबरात रत्नागिरीकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, दीड तास उन्हात भटकलो, ट्रिग पॉइंट (इंग्रजांच्या वेळच्या मोजणीची दगडात कोरलेली खूण) काही मिळाला नाही, वैतागून एका सपाट दगडावर बसून भाकरी खाल्ली आणि उतरलो. घरी येऊन फोटो मोठा करून बघतो तर डब्याच्या बाजूला शेवाळातून अर्धं वर्तुळ डोकावतंय. म्हणजे त्याच्यावरच बसलेलो! म्हणून हे लिहितोय.

पाणी, टोपी, ते तुम्हाला कळतं. पाणी फक्त एक लिटर जास्तीचं घ्या, का ते खाली येतंच.

खराटी घ्या. माडाच्या हिरांची, झिजून आखूड झालेली असेल तर उत्तम. आपला जांभा मुळात भोकाभोकांचा, त्यावर पावसाळ्यात शेवाळ चढतं, दिवाळीनंतर ते वाळून काळे पापुद्रे होतात, वर गवताची मुळं. आणि आपण शोधतोय काय, तर दगडात कोरलेलं छोटं वर्तुळ नि मधोमध टिंब, ज्याच्या बरोब्बर वर थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) मांडायचे. १८०२ ला मद्रासेत विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने सुरू केलेल्या त्या त्रिकोणांच्या मोजणीची ही पद्धत. टिंबावर चौथरा असेल तर नशीब, पण चौथऱ्याचे चिरे कुणाच्या गडग्यात (दगडी कुंपणात) गेले असतील तर उरतं ते टिंबच, आणि ते झाडल्याशिवाय दिसत नाही. हाताने पुसून बघितलंय मी, नुसती बोटं सोलतात.

तारेचा ब्रश नको. कोयत्याने खरवडायचं तर अजिबातच नको, याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आपण इंग्रजांचं वर्तुळ शोधायला जायचो आणि हजारो वर्षांपूर्वीचं काहीतरी ओरबाडून यायचो. खराटीच.

झाडून झालं की ते जास्तीचं पाणी ओता, ओल्या दगडावर कोरीव रेघ उठून दिसते. सकाळी लवकर गेलात तर तिरप्या उन्हात आणखी बरं, बाराला सगळा कातळ एकसारखा पांढरा होतो.

नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा, १:५०,००० वाला. त्रिकोणात टिंब आणि शेजारी उंची, ते आपलं. नुसतं टिंब आणि आकडा म्हणजे फक्त उंची दिलेली जागा, बीएम (बेंचमार्क, उंची मोजायची खूण) लिहिलंय ते वेगळंच, त्याच्या मागे जाऊ नका. आणि नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, तो एवढासा त्रिकोणच शंभरेक मीटर जागा खातो, तेव्हा मोबाईल पोचलात म्हणाला की खरं काम तिथून सुरू. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे टाकलेत तर जागा सरकते, जुनी शीटं पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या हिशोबाने आहेत, मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या हिशोबावर चालतो.

वाडीत विचारून वर जा. "मोजणीचा दगड कुठाय" असं मात्र विचारू नका! मोजणी म्हटलं की समोरच्याला वाटतं जमीन घ्यायला माणसं आली, मला एका आजोबांनी अंगणातूनच परत पाठवलंय. "इंग्रजांच्या वेळची खूण बघायचीय काका, बघून लगेच उतरतो" म्हणा. आंब्याची बाग मधे असेल तर राखणीवाल्याला सांगूनच आत. गडग्यावर चढू नका, चिरा सुटतो.

सड्यावर फुरसं असतं, विषारी साप. घोट्यावर येणारे बूट, हातात काठी, दगडाखाली हात नाही. खराटीचा इथेही उपयोग, आधी ती फिरवा मग बसा.

सापडला की फोटो, शेजारी पेन ठेवून म्हणजे आकार कळतो. माती परत सारा. खडूने रंगवू नका.

उतरताना पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) वाळक्या पानांवरून पाय सटकतो. टॉर्च. वस्तीची एसटी वरून दिसते आणि तरी चुकते, अर्धा तास आधी निघा. खराटी सॅकमध्ये मावत नाही, बाहेरून बांधा, एसटीत लोक बघतात, बघू द्या.