कंपनीअंतर्गत बदलीवर जर्मनीला जाताना: आयसीटी कार्ड कसे मिळवावे

चाकणपासून हिंजवडीपर्यंत जर्मन कंपन्यांचे कारखाने आणि तांत्रिक केंद्रे आहेत, आणि तेथील अभियंत्यांना काही काळासाठी मूळ कंपनीत पाठवणे ही नेहमीची बाब आहे. अशी बदली ठरली की बहुतेक जण ‘व्हिसा कधी मिळेल’ असे विचारतात. त्याआधी एक प्रश्न मनुष्यबळ विभागाला विचारायला हवा: जर्मनीत असताना आपला नोकरीचा करार भारतीय कंपनीशीच राहणार आहे, की जर्मन कंपनीशी नवा करार होणार आहे? कोणता परवाना लागेल, हे या उत्तरावर ठरते.

करार भारतीय कंपनीशीच राहणार असेल आणि मुक्काम 90 दिवसांहून अधिक असेल, तर आयसीटी कार्ड (‘इंट्रा-कॉर्पोरेट ट्रान्सफर’, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीसाठीचा वास्तव्य व कामाचा परवाना) हा मार्ग आहे. युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशावर आधारलेली ही तरतूद जर्मनीत 1 ऑगस्ट 2017 पासून लागू आहे. नवा करार जर्मन कंपनीशी होत असेल, तर पदवीधराने ईयू ब्लू कार्डाचा (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या वास्तव्य व कामाच्या परवान्याचा) विचार करावा. ब्लू कार्डधारकाला 27 महिन्यांनंतर, आणि जर्मन भाषेची बी-1 पातळी असल्यास 21 महिन्यांनंतर, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. आयसीटी कार्ड मात्र मुळातच परत येण्याच्या गृहीतकावर उभे आहे. ज्यांच्या मनात तेथे स्थायिक होण्याचा विचार आहे, त्यांनी ही चर्चा बदली मान्य करण्यापूर्वीच करावी; विमानात बसल्यानंतर कंपनीकडून करार बदलून घेणे फार अवघड जाते.

हे कार्ड व्यवस्थापक, विशेषज्ञ आणि पदवीधर प्रशिक्षणार्थी अशा तीनच प्रकारच्या कर्मचाऱ्यांना मिळते. पहिल्या दोघांसाठी कमाल मुदत तीन वर्षे, तर प्रशिक्षणार्थींसाठी एक वर्ष आहे. बदलीच्या लगेच आधी किमान सहा महिने त्याच कंपनीत किंवा तिच्या समूहात सलग नोकरी झालेली असावी लागते, त्यामुळे नुकत्याच रुजू झालेल्या माणसाला या मार्गाने पाठवता येत नाही. शिवाय आपल्याला स्वीकारणारी जर्मनीतील संस्था त्याच कंपनीची शाखा किंवा समूहातील कंपनी असली पाहिजे. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनी हे नीट तपासावे, कारण ग्राहक कंपनी कितीही मोठी असली तरी ती ‘स्वीकारणारी संस्था’ ठरत नाही.

सर्वाधिक मेहनत कामाच्या वर्णनावर घ्यावी, असे माझे मत आहे. कायद्याच्या दृष्टीने विशेषज्ञ म्हणजे नुसता अनुभवी अभियंता नव्हे. स्वीकारणाऱ्या संस्थेच्या कार्यक्षेत्राबद्दल, कार्यपद्धतीबद्दल किंवा व्यवस्थापनाबद्दल त्या संस्थेला अत्यावश्यक असे विशेष ज्ञान त्याच्याकडे असावे लागते. ‘जावा प्रोग्रॅमिंग आणि चाचणी’ असे मोघम वर्णन त्यामुळे अपुरे पडते, कारण असा माणूस जर्मनीतही मिळू शकतो. त्याऐवजी कंपनीच्या कोणत्या अंतर्गत प्रणालीवर आपण किती वर्षे काम केले, ती पुण्यात कशी विकसित झाली आणि जर्मनीतील चमूला तिच्यासाठी आपणच का हवे आहात, हे स्पष्ट लिहावे. व्यवस्थापक म्हणून अर्ज असेल, तर हाताखाली कोणता विभाग आहे आणि कोणते निर्णय आपल्या अधिकारात आहेत, हे दाखवावे. केवळ ‘मॅनेजर’ हे पदनाम पुरेसे नाही.

करारासोबत जोडायच्या बदलीपत्रात कामाचे ठिकाण, स्वरूप, कालावधी, वेतन आणि इतर अटी असाव्यात, तसेच बदली संपल्यावर युरोपीय संघाबाहेरील आपल्या कंपनीत परत येता येईल, याची हमी असावी. वेतन तशाच कामावरील जर्मन कर्मचाऱ्याच्या तुलनेत कमी असू नये. येथेच अनेक अर्ज अडखळतात: भारतातील मूळ पगार आणि वर भत्त्यांची मोठी रक्कम अशी मांडणी असेल, तर प्रत्यक्ष खर्चाची भरपाई कोणती आणि वेतन कोणते, हे पत्रात वेगवेगळे दाखवावे.

अर्ज जर्मनीबाहेरूनच करावा लागतो. बिझनेस व्हिसावर बैठकांसाठी जाऊन तेथेच काम सुरू करणे आणि कार्ड मागून घेणे, हा मार्ग उपलब्ध नाही. जर्मनीतील संस्थेने नोकरीसंबंधीचे घोषणापत्र भरून द्यायचे असते आणि संघीय रोजगार संस्थेची संमती लागते. ही संमती आगाऊ घेता आली तर वेळ वाचतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील रहिवाशांचे अर्ज मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय व्हिसाचे, म्हणजे दीर्घ मुक्कामासाठी जर्मनीत प्रवेश देणाऱ्या व्हिसाचे, शुल्क 75 युरो आहे. पासपोर्ट, पदवी, अनुभवपत्रे आणि आरोग्य विम्याचा पुरावा यांसोबत नावांची जुळणी तपासावी, कारण आपल्याकडे पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी आणि लग्नानंतर मधले नाव बदललेले, असे सर्रास आढळते. विद्यापीठातून मूळ पदवी प्रमाणपत्र अजून घेतलेले नसेल, तर त्यासाठी लगेच अर्ज करावा.

भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून व्याप्ती प्रमाणपत्र (‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’, म्हणजे आपण भारतातील योजनेत असल्याचा दाखला) घेतल्यास 48 महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शन विम्याची वर्गणी भरावी लागत नाही आणि येथील पीएफ सुरू राहतो. आरोग्य विमा या करारात येत नाही, त्यामुळे त्याची व्यवस्था कंपनीकडून लेखी ठरवून घ्यावी.

पती किंवा पत्नीला सोबत येता येते, जर्मन भाषेच्या परीक्षेची अट त्यांना नसते आणि तेथे नोकरीही करता येते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र मात्र आधीच तयार ठेवावे.

जर्मनीत पोहोचल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पुष्टीपत्र लागते. अल्पकाळासाठी भाड्याने मिळणाऱ्या सुसज्ज घरांचे काही मालक ते देत नाहीत, म्हणून घर ठरवतानाच विचारून घ्यावे. त्या नोंदणीनंतरच परदेशी नागरिक कार्यालयात प्रत्यक्ष कार्डाचे काम पुढे सरकते.